पोटावरची चरबी, प्रतिकारक पेशी आणि इन्सुलिन रेझिस्टन्स: सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ (रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देणं) किंवा ‘फॅटी लिव्हर’ (यकृतात चरबी साचणं) असं लिहून आलं की जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे मामलाच गुंत्याचा आहे. इथे वाचून औषधाचा डोस मात्र कुणी परस्पर बदलू नये.

चरबी म्हणजे नुसता साठा ना? तिथे प्रतिकारक पेशींचं काय काम?

चरबी साठवतेही आणि बोलतेही. मेदपेशी रक्तात हार्मोन सोडतात. त्यातलं लेप्टिन मेंदूला साठ्याचा हिशोब कळवतं (१९९४ साली सापडलं), तर ॲडिपोनेक्टिन यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. आणि मेदपेशी एकट्या नसतात. सडपातळ माणसाच्या चरबीतही प्रतिकारक पेशींची वस्ती असते: मॅक्रोफेज (मेलेलं गिळून साफ करणाऱ्या पेशी), नियामक टी-पेशी (बाकीच्यांना आवर घालणाऱ्या), इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). त्यांचं काम घरातल्या जाणत्या बाईसारखं असतं. मेलेल्या पेशी उचलायच्या, डागडुजी करायची, कुठे तंटा वाढला तर शांत करायचा. त्या वेळी त्या सोडतात ती रसायनं, उदाहरणार्थ इंटरल्युकिन-१०, दाह विझवणारी असतात.

मग बिघडतं कुठे?

हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) सांगलीकरांना सांगायला नकोत. मेदपेशी म्हणजे असंच एक पेव. जास्तीचं अन्न तेलाच्या एका मोठ्या थेंबाच्या रूपात तिथे बंदिस्त राहतं आणि बाकीचं शरीर सुरक्षित राहतं. म्हणजे साठवणं हा दोष नाही, ते पेवाचं कामच आहे.

फरक हवेचा आहे. जमिनीखालच्या पेवात हवा खेळत नाही म्हणूनच हळदीला कीड लागत नाही. मेदपेशीचं उलट. तिला ऑक्सिजन लागतो आणि तो केशवाहिनीपासून साधारण १०० मायक्रॉनपर्यंतच (मिलिमीटरचा दहावा भाग) नीट झिरपतो. मेदपेशी फुगत फुगत स्वतःच तेवढ्या व्यासाची किंवा त्याहून मोठी झाली, की तिची घुसमट सुरू होते. भोवतालचं कोलॅजनचं जाळंही ताठर होतं, त्यामुळे तिला पसरायला जागा उरत नाही. अशी ताणलेली पेशी एमसीपी-१ नावाचा निरोप रक्तात सोडते. तो ऐकून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चरबीत शिरतात आणि मॅक्रोफेज बनतात. काहींची संख्या तिथल्या तिथेच वाढते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर त्यांच्याही आधी सीडी-८ टी-पेशी (हल्ला करणाऱ्या) पोहोचलेल्या दिसल्या (२००९), आणि शांतता राखणाऱ्या नियामक टी-पेशी त्याच सुमारास कमी झाल्या. पंचच निघून गेले आणि भांडखोर तेवढे गावात राहिले, असं ते दृश्य.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी ही गर्दी मोजून दाखवली. सडपातळ उंदराच्या चरबीत एकूण पेशींपैकी १० टक्क्यांहून कमी मॅक्रोफेज असतात. अतिस्थूल उंदरांत हा आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला, आणि स्थूल माणसांत ४० टक्क्यांच्या आसपास.

सूक्ष्मदर्शकाखाली पुढचा प्रकार डोळ्यांनी दिसतो. एखादी फुगलेली मेदपेशी मरते आणि तेलाचा थेंब उघडा पडतो. मॅक्रोफेज असतो जेमतेम २० मायक्रॉनचा, थेंब असतो १०० मायक्रॉनचा. तो गिळणार कसा? मग दहा-पंधरा मॅक्रोफेज त्या थेंबाभोवती कडं करून बसतात आणि बाहेरूनच पाचकरस सोडून त्याला कुरतडत राहतात. कापलेल्या पातळ पापुद्र्यात हे कडं मुकुटासारखं दिसतं. स्थूल उंदीर आणि माणसं, दोघांतही चरबीतले ९० टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच आढळले (२००५). साफसफाईला आलेले हे कामगार काम संपत नाही म्हणून मुक्काम ठोकतात, आणि त्यांच्या अंगातून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखी दाह पेटवणारी रसायनं झिरपत राहतात.

याचा आणि साखरेचा संबंध काय?

स्नायूच्या पेशीवर इन्सुलिन येऊन बसलं की आत निरोप्यांची साखळी चालू होते. पहिला निरोप्या आयआरएस-१. त्याच्या ठरावीक जागी फॉस्फेट लागलं की निरोप पुढे जातो आणि शेवटी ग्लूट-४ नावाची दारं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. त्यांतून साखर आत शिरते. टीएनएफमुळे जेएनके आणि आयकेके ही एन्झाइम जागी होतात आणि आयआरएस-१ ला भलत्याच जागी, सेरीन नावाच्या घटकावर, फॉस्फेट चिकटवतात. मग इन्सुलिन दार वाजवत राहतं आणि आत कुणी हलत नाही. स्थूल उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त असतं आणि ते रोखलं की इन्सुलिनचा असर सुधारतो, हे गोखान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पीगलमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. तोवर चरबी आणि प्रतिकारशक्ती या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी समजल्या जात.

दुसरी वाट गळतीची. मेदपेशी स्वतःच इन्सुलिनला जुमानेनाशी झाली की साठा धरून ठेवत नाही. फॅटी ॲसिड रक्तात सुटतात आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसतात. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीचं बरंचसं रक्त थेट यकृताकडे जातं, म्हणून ती चरबी जास्त उपद्रवी. फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि उतरलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) हे त्रिकूट रिपोर्टवर एकत्र दिसतं ते यामुळेच.

म्हणजे दाह हेच मूळ. मग दाह विझवणारी गोळी का देत नाहीत?

देऊन पाहिलंय. टीएनएफ अडवणारी औषधं मधुमेहींना दिली, इन्सुलिनचा असर सुधारला नाही. सालसालेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं जुनं औषध ४८ आठवडे दिल्यावर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा) सुमारे ०.३७ ने उतरलं. उतरलं खरं, पण तेवढ्यासाठी त्याचे बाकीचे परिणाम कोण सोसणार? इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हृदयविकाराचे झटके कमी केले, नवा मधुमेह मात्र थांबवला नाही. उलट चरबीतला दाह दाबून टाकलेल्या उंदरांची चरबी नीट वाढेनाच, आणि त्यांचं यकृत भरलं. जागा वाढवायची, जुनं पाडून नवं बांधायचं, तर थोडा दाह लागतोच.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिला दोष भरून वाहणाऱ्या साठ्याचा, दाह दुसरा. पेवात पाणी शिरतंय आणि आपण वासावर अत्तर शिंपडतोय, असं औषधोपचारात होऊ नये.

आमच्या घरात कुणी जाड नाही. वजन बेताचंच, तरी शुगर कशी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरही याज्ञिक यांच्या गटाने काम केलं. ब्रिटिश बाळांच्या तुलनेत आपली बाळं वजनाने कमी, पण चरबीने तितकी कमी नाहीत.

एक मांडणी अशी की आपल्या लोकांत त्वचेखालचं कोठार लहान. ते लवकर भरतं, आणि मग माल नको तिथे जातो: पोटात, यकृतात, स्नायूंत. म्हणून भारतीयांसाठी रेषा अलीकडे ओढलेली आहे. बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलता. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना पूर्वमधुमेह असल्याचा अंदाज निघाला.

कंबर नक्की कुठे मोजायची? पँटचा नंबर चालेल का?

नाही. पँट पोटाखाली बांधली की नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि पोट वरून पुढे येतं. शिंप्याकडची न ताणलेली टेप घ्या. कुशीत हात लावून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप जमिनीला समांतर धरा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, त्या क्षणी वाचा. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. सकाळी चहाआधी, दर महिन्याला एकदा. दुसरा सोपा हिशोब: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची १६५ असेल तर ८२.५ च्या आत.

पैलवानांची वजनं शंभरच्या पुढे असतात. त्यांना का होत नाही?

तालीम चालू आहे तोवर बहुतेकांचं निभावतं. रोजच्या जोर-बैठका आणि लढतीत स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची गरजही लागत नाही. ग्लूट-४ ची दारं तिथे दुसऱ्या वाटेने उघडतात. खरी गडबड पुढे होते. तालीम सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई तीच, आणि खर्च शून्य. पस्तिशी-चाळिशीत अशा माणसाने दरवर्षी उपाशीपोटीची साखर, लिपिड आणि रक्तदाब बघावाच. दंड अजून भरलेला दिसतो म्हणून फसू नये.

मानेवर काळा पट्टा आलाय, साबणाने जात नाही. मळ आहे का?

मळ नाही, घासू नका. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की त्वचेच्या पेशी वाढीला लागतात आणि मान, काख, जांघ इथली कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. सोबत बारीक मसही येतात. लिंबू, बेसन, गोरेपणाची क्रीम यांनी फरक पडत नाही. शाळकरी मुलाच्या मानेवर हे दिसलं तर त्याची साखर तपासून घ्या. कंबर उतरली की रंगही हळूहळू उतरतो, पण महिने लागतात.

इन्सुलिन रेझिस्टन्सची तपासणी कोणती, आणि ती कशी चुकते?

उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि उपाशीपोटीची साखर एकाच वेळच्या रक्तात मोजायची. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं, हा होमा-आयआर. साखर १०४ आणि इन्सुलिन १८ असेल तर १०४ × १८ ÷ ४०५ = ४.६. साधारण २.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात, पण ही सर्वमान्य रेषा नव्हे, आणि प्रत्येक लॅबचं किट वेगळं. दुसऱ्यांदा करायची तर त्याच लॅबमध्ये करा.

चुका नेहमीच्याच होतात. ‘फक्त चहा घेतला’ म्हणजे उपाशीपोट नव्हे. आठ ते दहा तास पाणी सोडून काही नको. सुई टोचताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. गावातून नमुना दुपारपर्यंत मोटारसायकलवर फिरत आला तरी तोच धोका, म्हणून रक्त लवकर लॅबच्या यंत्रात फिरवून सीरम (पेशी काढलेला पातळ भाग) वेगळं केलेलं बरं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर आकडा बिघडतो. आधी लॅबला सांगा.

खरं तर बहुतेकांना होमाची गरजच पडत नाही. कंबर, उपाशीपोटीची साखर (१०० ते १२५ पूर्वमधुमेह, १२६ पासून मधुमेह), एचबीए१सी (५.७ ते ६.४, आणि ६.५ पासून मधुमेह), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल एवढ्यावर चित्र स्पष्ट होतं. लोहाची कमतरता असलेल्या बायकांत एचबीए१सी खोटं वाढलेलं येऊ शकतं, म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघा.

सीआरपी वाढलंय. म्हणजे चरबीतला दाह मोजला गेला का?

आडून. चरबीतून निघालेल्या इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. साधी नव्हे, हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी लागते: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत चांगलं, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर ते चरबीचं नव्हे. ताप, सडलेली दाढ, लघवीचा संसर्ग, काहीतरी दुसरं आहे. ते बरं झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करा. डेंगी-चिकुनगुन्या नुकता होऊन गेला असेल तर या तपासणीवर पैसे घालवू नका.

सांगलीची हळद दाह कमी करते. मग रोज चमचाभर खाल्ली तर?

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली (२०१८) हळद घरचीच आहे, म्हणून हिशोब करून बघू. हळदीत कर्क्युमिन ढोबळमानाने ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही आतड्यातून फारच थोडं रक्तात पोहोचतं. थायलंडमध्ये पूर्वमधुमेहींना नऊ महिने कर्क्युमिनचा अर्क दिला, त्या गटात कुणालाच मधुमेह झाला नाही. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १६.४ टक्क्यांना झाला (२०१२). आकडा डोळ्यांत भरण्यासारखा, पण तो स्वयंपाकघरातल्या हळदीचा नाही आणि एकाच चाचणीवर औषध ठरत नाही. मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीत, दुधात हळद घाला, खुशाल. कॅप्सूल नको.

साखर सोडली, गूळ घेतो. तासगावचे बेदाणे तर फळच ना?

गूळ उसाचाच. उष्मांक साखरेपेक्षा किंचित कमी, आणि यकृताला त्यातला फरक कळत नाही. बेदाणे म्हणजे पाणी काढलेली द्राक्षं. वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर. दहा दाणे चालतील, मूठ नको. मोठा चोर मात्र चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, पाहुण्यारावळ्यांसकट दिवसाचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, २०० उष्मांक. ज्वारीची एक मोठी भाकरी (पीठ ६०-६५ ग्रॅम) जवळपास तेवढ्याचीच. भाकरीला बोल लावण्याआधी कप मोजा. भाकरी दोनवर आणा, आणि ताटात मटकी, हुलगा, अंडं किंवा मासा वाढवा.

पोटाची चरबी ऑपरेशनने काढून टाकली तर?

लायपोसक्शनने त्वचेखालची चरबी निघते. स्थूल बायकांची नऊ-दहा किलो चरबी काढून १० ते १२ आठवड्यांनी तपासलं (२००४): इन्सुलिनचा असर, सीआरपी, इंटरल्युकिन-६, काहीच सुधारलं नाही. उरलेल्या पेशी तितक्याच फुगलेल्या, आणि आतली चरबी जागच्या जागी. पेवं कमी केली, माल तसाच राहिला.

किती उतरवायचं?

अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय दिलं होतं. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी (२००२). ८० किलोच्या माणसाला हे ५.६ किलो होतात. भारतातल्या चाचणीत (२००६) वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. म्हणून काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका. व्यायामाचा इन्सुलिनवरचा असर दीड-दोन दिवस टिकतो, तेव्हा सलग दोन दिवस खाडा नको. अजिंक्यतारा रविवारी एकदा चढण्यापेक्षा जेवणानंतर रोज पंधरा मिनिटं गल्लीत फिरणं जास्त उपयोगी. आठवड्यातून दोनदा बैठका किंवा वजन उचलणं जोडा.

एक सूचना: घाईने वजन उतरवताना चरबी भराभर सुटते, आणि ती वेचायला सुरुवातीला मॅक्रोफेज उलट वाढतात. उंदरांत हे दिसलंय. नंतर ते कमी होतात. पहिल्या महिन्यातल्या सीआरपीवरून काही ठरवू नका.

उतरवलेलं वजन परत का चढतं?

मेदपेशींची संख्या मोठेपणी फारशी बदलत नाही. दरवर्षी साधारण १० टक्के मरतात, तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं की त्या रिकाम्या होतात, नाहीशा होत नाहीत. शिवाय त्यांच्या जनुकांवरच्या खुणा वजन उतरल्यावरही टिकून राहतात, असं २०२४ मध्ये दिसून आलं. आठवण ठेवणाऱ्या पेशी आहेत या. सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत येतं, तेही याला धरूनच आहे. इंजेक्शन चालू असताना प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोडला तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

उपवासाने फायदा होतो का?

‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यावर शेंगदाणे, तूप, बटाटा. रात्रीचं जेवण आठाच्या आत आणि सकाळपर्यंत काही नाही, हे बहुतेकांना झेपतं. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता उपवास धरू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यात पडतो.

सांधेदुखीच्या पुडीने अंगातली सूज उतरते. मग हा दाहही उतरेल ना?

उलट होईल. ज्या पुडीवर घटक छापलेले नाहीत आणि दोन दिवसांत जादू होते, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका धरा. स्टेरॉइड दाह दाबतं, पण यकृताला साखर ओतायला लावतं, स्नायू झिजवतं आणि चरबी पोटावर व मानेमागे आणून बसवतं. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एका दिवसात बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, अचानक सोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा आणि ती टेबलावर ठेवा.